रॉबर्ट रॉड्रिगेझ आणि ७,००० डॉलरचा सिनेमा: नेमकं काय केलं, कसं केलं, कुठे अडलं

भिंगवाला:
लघुपटांच्या धाग्यावर 'रॉड्रिगेझने ७,००० डॉलरमध्ये अख्खा सिनेमा काढला, मग आपलं घोडं कुठे अडलंय?' हा प्रश्न परत आलाय. दर काही महिन्यांनी येतोच. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा. आधी थोडक्यात माणूस, म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ, मग त्याचा तो सिनेमा, 'एल मारियाची'. भर घाला, चुका काढा.

जन्म २० जून १९६८, सॅन अँटोनियो, टेक्सास. मेक्सिकन-अमेरिकन घर, दहा भावंडं, हा तिसरा. घरात व्हीसीआर आला तो वायरीने जोडलेल्या कॅमेऱ्यासकट. म्हणजे वायर पुरेल तिथपर्यंतच सिनेमा. कलाकार म्हणून भावंडं होतीच. एडिटिंग दोन व्हीसीआरवर: एकावर चालवायचं, दुसऱ्यावर रेकॉर्ड आणि पॉज. या पद्धतीत टेपची प्रत काढली की चित्र घसरतं, प्रतीची प्रत काढली की आणखी घसरतं, आणि पॉज सोडताना कट नेमका कुठे बसेल याचा भरवसा नाही. त्यामुळे शूट करतानाच क्रमाने आणि हवं तेवढंच घ्यायची सवय लागते. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

शाळेत कार्लोस गयार्दो हा मित्र भेटला. तो सीमेपलीकडच्या सिउदाद अकुन्याचा. हे मेक्सिकोच्या कोआविला राज्यातलं गाव, नदीच्या अलीकडे टेक्सासचं डेल रिओ. पुढे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात रॉड्रिगेझला चित्रपट विभागात आधी प्रवेशच मिळाला नाही, कारण मार्क कमी. स्थानिक स्पर्धेत त्याच्या व्हिडिओपटाला बक्षीस मिळालं तेव्हा दार उघडलं. विद्यापीठाच्या दैनिकात तो 'लॉस हूलिगन्स' नावाची चित्रपट्टी काढायचा. १९९१ मध्ये 'बेडहेड' हा १६ मिमी रुंद फिल्मवरचा लघुपट आला. त्यातही भावंडंच. महोत्सवांत त्याला बक्षिसं मिळाली.

आता महत्त्वाचं. 'एल मारियाची' हा सिनेमा थिएटरसाठी काढलेलाच नव्हता. अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषिकांसाठी थेट व्हिडिओ कॅसेटवर निघणाऱ्या मारधाडपटांची एक बाजारपेठ होती. तिथे असे दोनतीन सिनेमे विकायचे, त्यावर हात बसवायचा आणि मग 'खरा' पहिला सिनेमा करायचा, असा बेत होता. बाकीची सगळी काटकसर या एका निर्णयातून निघते. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, किंवा हिशोबनीस लिहितील, त्यांचा प्रांत आहे तो.

हिशोबनीस:
लिहितो.

प्रत्यक्ष खर्च ७,२२५ डॉलर. तेव्हाच्या दराने पावणेदोन-दोन लाख रुपये. यातले ३,००० डॉलर औषधचाचणीतून आले: ऑस्टिनमधल्या संशोधन केंद्रात महिनाभर मुक्काम, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा प्रयोग स्वतःवर. पटकथा तिथेच लिहिली. खलनायक मोको झालेला पीटर मार्क्वार्ट तिथेच भेटला, तोही चाचणीतला सोबती. त्याला स्पॅनिश येत नव्हतं. ओळी नुसत्या उच्चारावरून पाठ केल्या.

खर्चातला मोठा वाटा कच्ची फिल्म, लॅबमधलं डेव्हलपिंग आणि फिल्मवरून व्हिडिओ टेपवर उतरवणं (टेलिसिने) यांत गेला. कुठलाही १६ मिमीचा हिशोब असाच लागतो:

१६ मिमी फिल्म २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ३६ फूट खाते. ४०० फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटं. सिनेमा ८१ मिनिटांचा, म्हणजे एक फूटही वाया न घालवता २,९१६ फूट, सव्वासात रिळं. प्रत्येक गोष्टीचे तीन टेक घेतले की हाच आकडा पावणेनऊ हजार फुटांवर जातो, २२ रिळं. दहा टेक घेणाऱ्याला ७३ लागतील. आणि फिल्मच्या प्रत्येक फुटामागे पैसे तीनदा जातात: विकत घेताना, डेव्हलप करताना, टेलिसिनेला. म्हणून 'एकच टेक' हा त्याचा हट्ट नव्हता, बजेटचा तो सगळ्यात मोठा आकडा होता.

त्याने काय केलं:
क्लॅप (शॉटआधी सीनचा नंबर दाखवून वाजवतात ती पाटी) वापरला नाही. कलाकाराने शॉटच्या सुरुवातीला बोटांनी सीनचा आणि टेकचा आकडा दाखवायचा. क्लॅपला प्रत्येक वेळी काही सेकंद जातात, शेकडो शॉटमध्ये ते अर्धं-एक रीळ होतं.
पूर्ण सीन एका कोनातून, मग पुन्हा पूर्ण दुसऱ्या कोनातून, असं केलं नाही. एक ओळ झाली की थांबायचं, कलाकार तसाच उभा, कॅमेरा हलवायचा किंवा झूम बदलायचा आणि पुढच्या ओळीपासून सुरू. पडद्यावर दोनतीन कॅमेरे लावल्यासारखं दिसतं. याची अट एकच, कट आधीपासून डोक्यात असावा लागतो. नंतर 'या ओळीवर तिचा चेहरा हवा होता' असं वाटलं तर उपाय नाही.
युनिट नाही. जो कलाकार शॉटमध्ये नाही तो कॅमेऱ्यामागे कामाला.
ट्रॉली म्हणून उसनी आणलेली व्हीलचेअर.
लाईट म्हणजे चिमट्याने अडकवायचे टेबललॅम्प, दोन.
कथा हाताशी होतं त्यावर बेतली: पिटबुल कुत्रा, मोटारसायकल, गावातले बार, बस, ओळखीतलं रँच. तुरुंगाचा सीन गावातल्या खऱ्या तुरुंगात, आणि तिथली वॉर्डन व पहारेकरी खरेच. ना कपडेपट, ना मेहनताना.

चित्रीकरण गयार्दोच्या सिउदाद अकुन्यात, १९९१ च्या उन्हाळ्यात, १४ दिवस.

सावनी_के:
वा, माहिती भारी! वाचनखूण साठवली.
शंका: त्या काळी १६ मिमी सिनेमा एडिट करायचा तर निगेटिव्ह कापून प्रिंट काढायला लागायची ना? तो खर्च ७,२२५ मध्ये कसा बसला?

भिंगवाला:
सावनी, बसला नाही, कारण तो केलाच नाही. नेहमीची वाट अशी: निगेटिव्ह, त्यावरून वर्कप्रिंट (कामापुरती प्रत), वर्कप्रिंटवर एडिट, काठावरचे आकडे जुळवून निगेटिव्हची कापाकापी, मग रंग साधून आन्सर प्रिंट (पहिली पक्की प्रत), त्यात ऑप्टिकल साउंडट्रॅक (फिल्मच्या काठावर छापलेला आवाज). या वाटेवरच्या प्रत्येक थांब्यावर लॅबचं बिल.

पण माल कॅसेटवरच विकायचा असेल तर फिल्मची प्रिंट हवीय कुणाला? निगेटिव्ह डेव्हलप करून सरळ टेपवर उतरवलं आणि पाऊण इंची यू-मॅटिक टेपवर एडिट केलं, ऑस्टिनच्या सार्वजनिक केबल केंद्रातल्या मशीनवर. निगेटिव्हला कात्री लागली नाही.

टेप ते टेप एडिटिंगचा जाच वेगळा. कॉम्प्युटरवर जसा मधला शॉट काढला की पुढचं आपोआप सरकतं, तसं तिथे होत नाही. पाचव्या मिनिटाला दोन सेकंद वाढवायचे तर पाचव्या मिनिटापासून शेवटापर्यंत सगळं पुन्हा उतरवा, नाहीतर तेवढ्याच लांबीचं काहीतरी शोधून तिथे चिकटवा. म्हणूनच म्हटलं, दोन व्हीसीआरवर वाढलेला मुलगाच हे निभावू शकतो.

ध्वनिवेडा:
आवाजाबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही! सिनेमाची सगळी शैली आवाजाने ठरवलीय.

कॅमेरा उसना घेतलेला ॲरिफ्लेक्स १६एस. उत्तम कॅमेरा, पण चालू झाला की खडखड करतो. शांत राहण्यासाठी लागणारं आवरण त्याला नाही. त्यामुळे चित्रणाबरोबर संवाद रेकॉर्ड करणं अशक्य. आपल्याकडे हे नवीन नाही. ॲरी २सी कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं हिंदी-मराठी सिनेमे असेच निघाले आणि २००० च्या आसपासपर्यंत बहुतेक सिनेमे डबिंगवरच चालायचे. फरक इतकाच की आपल्याकडे कलाकार नंतर स्टुडिओत पडद्यावर लूप बघत डबिंग करायचे. रॉड्रिगेझकडे स्टुडिओचे पैसे नव्हते.

त्याची पद्धत: शॉट झाला की कॅमेरा बंद. तिथेच, लगेच, माइक तोंडाजवळ नेऊन कलाकाराने त्याच लयीत ओळी पुन्हा म्हणायच्या. रेकॉर्डर साधा कॅसेटवाला, मारांट्झचा. घरी आल्यावर एकेक ओळ चित्राला हाताने जुळवायची. गंमत म्हणजे नवखे कलाकार इथे फायद्याचे ठरले. मुरलेला नट दुसऱ्यांदा ओळ म्हणताना काहीतरी वेगळं करून बघतो. नवखा माणूस घोकलेली ओळ तशीच्या तशी म्हणतो.

आता काय बिनसतं ते. कॅमेऱ्याची मोटर बॅटरीवर चालते, बॅटरी उतरली की वेग थोडा बदलतो. कॅसेट रेकॉर्डर पट्ट्यावर चालतो, त्याचाही वेग पक्का नाही. शिवाय माणूस दुसऱ्यांदा बोलताना थोडा पुढेमागे होणारच. सगळं मिळून एक टक्का फरक धरा. दहा सेकंदांच्या संवादात तो फरक दशांश सेकंदाचा, म्हणजे २.४ फ्रेमचा होतो. ओठ आणि आवाज यांतला दोन-तीन फ्रेमचा फरक डोळ्याला टोचायला लागतो. वीस सेकंदांत तर तो जवळपास पाच फ्रेम, म्हणजे सरळ विनोदीच.

त्यावर त्याचा तोडगा: ओठ आणि आवाज यांची जुळणी (सिंक) सुटायला लागली की कट. ऐकणाऱ्याचा चेहरा, कुत्रा, हात, काहीही. दुसऱ्या शॉटवर गेलं की पुढची ओळ नव्याने जुळवता येते. समीक्षकांनी ज्याला 'झपाटलेला वेग' म्हटलं, त्याचा निम्मा भाग ही सिंकची दुरुस्ती आहे.

मूषक:
>> निम्मा भाग ही सिंकची दुरुस्ती आहे
हे वाचून सिनेमा पुन्हा लावला. आता कुत्रा दिसला की हसू येतंय.

हिशोबनीस:
कुत्र्यावरून आठवलं, नारळाचा किस्सा. सुरुवातीला नायक रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून नारळ घेतो. पैसे देतानाचा शॉट घ्यायचा राहून गेला. परत जाऊन शॉट घेण्याऐवजी नायकाच्या तोंडी निवेदन टाकलं की इथे नारळ फुकट असतात. झालं काम, खर्च शून्य. रस्ता ओलांडणारं कासवही असंच. ते ठरवलेलं नव्हतं, दिसलं तसं घेतलं आणि ठेवलं.

तिरकस_पुणेकर:
सगळं ऐकायला छान आहे, पण ही 'सात हजारांची पोथी' किती दिवस वाचायची? थिएटरात जो सिनेमा लोकांनी पाहिला तो सात हजारांचा नव्हताच मुळी. कोलंबिया स्टुडिओने ३५ मिमीवर नेण्यासाठी, आवाज नव्याने मिसळण्यासाठी आणि इतर कामांसाठी सुमारे दोन लाख डॉलर घातले, आणि प्रसिद्धी-वितरणावर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मूळ खर्चाच्या पंचवीसपटीहून अधिक नुसत्या रंगरंगोटीला. 'सात हजारांत सिनेमा' हे वाक्य स्टुडिओच्या जाहिरात खात्याचं सगळ्यात यशस्वी अपत्य आहे.

उसना कॅमेरा, फुकट मशीन, फुकट माणसं, विमा नाही, लोकेशनचं भाडं नाही. या सगळ्याला बाजारभाव लावा आणि मग सांगा.

भिंगवाला:
बरोबर आहे, आणि हेच नीट मांडायला हवं. ७,२२५ डॉलर हा 'विकण्याजोगी व्हिडिओ टेप तयार होईपर्यंतचा रोख खर्च' आहे. त्यात खोटं काही नाही, फक्त पुढचं वाक्य लोक सांगत नाहीत.

१६ वरून ३५ वर नेणं म्हणजे काय तेही बघा. १६ मिमीची फ्रेम साधारण १० बाय ७.५ मिमीची. ३५ मिमीवर नेताना ती रुंदीला दुपटीहून जास्त ताणायची, म्हणजे फिल्मचा दाणा, केस, ओरखडा सगळंच दुपटीने मोठं. शिवाय १६ मिमीची चौकट चौकोनी, टीव्हीसारखी. थिएटरची उंचीच्या १.८५ पट रुंद चौकट भरायची तर वरून-खालून मिळून सुमारे पाव चित्र जातं. टीव्हीसाठी डोकं वरच्या काठाला टेकवून घेतलेल्या शॉटचं काय होईल याची कल्पना करा. आणि कॅसेटवर छोट्या स्पीकरमधून खपून गेलेला आवाज थिएटरच्या मोठ्या स्पीकरवर उघडा पडतो. हे सगळं करायला पैसे लागणारच.

पण तिरकसराव, स्टुडिओने ते पैसे घातले कशासाठी? क्रम बघा. रॉड्रिगेझ आणि गयार्दो लॉस एंजेलिसला गेले ते स्पॅनिश व्हिडिओवाल्यांना माल विकायला. तिथली बोलणी रेंगाळली. दरम्यान त्याने कापलेला ट्रेलर आणि 'बेडहेड' आयसीएम या एजन्सीत रॉबर्ट न्यूमनच्या हाती पडला. न्यूमनला वाटलं सात हजार हा ट्रेलरचा खर्च. अख्ख्या सिनेमाचा आहे कळल्यावर पुढची चक्रं फिरली. कोलंबियाने सिनेमा घेतला, जानेवारी १९९३ मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळाला, फेब्रुवारीअखेर तो प्रदर्शित झाला आणि अमेरिकेत सुमारे २० लाख डॉलरचा गल्ला आला. २०११ मध्ये अमेरिकेच्या जतन करायच्या सिनेमांच्या राष्ट्रीय यादीत नाव.

तिरकस_पुणेकर:
ठीक. 'सात हजारांत नमुना बनवला आणि नमुना विकला' असं म्हणा, माझा आक्षेप मागे.

हिशोबनीस:
तुलनेसाठी बाकीचे आकडे. त्याच ऑस्टिनमध्ये रिचर्ड लिंकलेटरचा 'स्लॅकर' २३,००० डॉलर. केविन स्मिथचा 'क्लर्क्स' (१९९४) साडेसत्तावीस हजार. त्यात वितरकाने नंतर गाण्यांचे हक्क घेतले, तो खर्च मूळ सिनेमाच्या खर्चाहून जास्त झाला. टेक्सासचाच शेन करूथ, त्याचा 'प्रायमर' ७,०००, सुपर १६ वर (१६ मिमीच, चौकट जरा रुंद), २००४ ला सनडान्सचा ज्युरी पुरस्कार. करूथने वेगळी वाट धरली. मारधाड नाही, पाठलाग नाही, गॅरेजमध्ये बोलणारी माणसं. कच्ची फिल्म मात्र त्यानेही रॉड्रिगेझसारखीच मोजून वापरली. स्वस्त सिनेमा म्हणजे हाच एक साचा असं समजू नये.

सावनी_के:
बंदुकांचं काय? त्या तर खऱ्याच वाटतात.

रीळमास्तर:
खऱ्याच होत्या म्हणून वाटतात. स्थानिक पोलिसांकडून उसन्या घेतलेल्या. काही शॉटमध्ये पाण्याच्या पिचकाऱ्या.

खऱ्या स्वयंचलित बंदुकीत ब्लँक घातली की पहिला बार होतो आणि बंदूक अडकते. कारण साधं आहे. अशी बंदूक पुढची गोळी भरते ती आधीच्या गोळीने नळीत तयार केलेल्या दाबावर. ब्लँकमध्ये पुढे जाणारी गोळीच नसते, वायू नळीतून मोकळा निघून जातो, दाब पुरत नाही, यंत्रणा मागे सरकत नाही. व्यावसायिक सिनेमात यासाठी नळी आतून अरुंद करून घेतलेल्या बंदुका वापरतात. त्याच्याकडे नव्हत्या. मग एक बार एका कोनातून, बंदूक मोकळी करून दुसरा बार दुसऱ्या कोनातून, आणि एडिटमध्ये वर सलग फैरींचा आवाज. जखमांसाठी निरोधात खोटं रक्त भरून अंगावर बांधलं होतं.

हे लिहिलं ते समजण्यासाठी, करण्यासाठी नाही. ब्लँकसुद्धा जवळून जीव घेते. १९९३ च्या मार्चमध्ये नट ब्रँडन ली सेटवर मेला तो असाच: नकली काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं होतं, त्यामागे ब्लँक उडाली आणि ते टोक गोळीसारखं सुटलं. आपल्याकडे तर खरं शस्त्र नुसतं आणणंही परवान्याशिवाय गुन्हा आहे. रबरी प्रतिकृती घ्या, ठिणगी कॉम्प्युटरवर लावा, धक्का कलाकाराने खांद्याने द्यावा. रॉड्रिगेझ आज स्वतःही ठिणग्या कॉम्प्युटरवरच लावतो.

मूषक:
पुढच्या सिनेमांवरही येऊ द्या. 'एल मारियाची'वर सगळेच थांबतात.

भिंगवाला:
दमाने घ्या.

१९९५ ला 'डेस्पराडो', त्याच गावात, ७० लाख डॉलर. म्हणजे बजेट हजारपट. नायक अँटोनिओ बांदेरास, गयार्दो छोट्या भूमिकेत आणि निर्मात्यांत. एडिटिंग पुन्हा स्वतः. पुढे 'फ्रॉम डस्क टिल डॉन' (१९९६), 'द फॅकल्टी' (१९९८), आणि २००१ ला 'स्पाय किड्स', जिने त्याची गाडी खऱ्या अर्थाने रुळावर आणली. साडेतीन कोटींच्या आसपास खर्च, जगभरात चौदा कोटी डॉलरच्या वर गल्ला. यात निर्माती एलिझाबेथ आवेयान हिचं नाव घ्यायलाच हवं. १९९० मध्ये त्यांचं लग्न झालं, २००६ मध्ये वेगळे झाले, पण ट्रबलमेकर स्टुडिओ दोघांनी उभा केला. हा स्टुडिओ ऑस्टिनचा जुना म्युलर विमानतळ बंद पडल्यावर तिथल्या हँगरमध्ये थाटला. हँगर म्हणजे मधे खांब नसलेली उंच, प्रचंड जागा. हिरवा पडदा (त्याच्या जागी नंतर कॉम्प्युटरवर दुसरं चित्र बसवतात) लावायला आणखी काय हवं?

मग डिजिटल. जॉर्ज लुकासने दाखवल्यावर हा २००१ मध्ये 'वन्स अपॉन अ टाइम इन मेक्सिको'साठी सोनीच्या एफ९०० कॅमेऱ्यावर गेला. ३५ मिमीचं हजार फुटी मॅगझिन (फिल्मची पेटी) ११ मिनिटांत संपतं. या कॅमेऱ्याची टेप ४० मिनिटांहून जास्त चालते. कट न म्हणता कलाकाराला तीच ओळ पाचदा म्हणायला लावता येते. एकच टेक घेणारा माणूस कॅमेरा बंदच करेना, असा उलटा प्रवास. तोटेही होते. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दोन तृतीयांश इंची, त्यामुळे मागचं पुढचं सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. आणि उन्हात आकाश फटकन पांढरं होतं, फिल्मसारखं सावरून घेत नाही. तो सिनेमा नीट पाहिलात तर दुपारच्या शॉटमध्ये हे जाणवेल.

रीळमास्तर:
'सिन सिटी'बद्दल (२००५) मी लिहितो, ते काम तांत्रिकदृष्ट्या त्याचं सर्वोत्तम आहे असं माझं मत.

आधी चाचणी केली. फ्रँक मिलर आपली चित्रकथा कुणाला द्यायला तयार नव्हता. रॉड्रिगेझने स्वतःच्या खर्चाने एका दिवसात जॉश हार्टनेट आणि मार्ली शेल्टनला घेऊन एक छोटा प्रसंग शूट करून दाखवला. मिलर तयार झाला, तोच प्रसंग सिनेमाची सुरुवात झाला. ट्रेलर दाखवून सिनेमा विकण्याचीच ही पुढची पायरी.

खरे सेट तीनच: बार, एक घर आणि हॉस्पिटलचा कॉरिडॉर. बाकी हिरव्या पडद्यावर. मिकी रुर्क आणि एलायजा वूड यांची मारामारी आहे ना, शूटिंगच्या वेळी ते दोघे एकमेकांना भेटलेलेही नव्हते. ज्याच्या तारखा जेव्हा मिळाल्या तेव्हा त्याचा भाग उरकला.

पांढरं चमकणारं रक्त कसं काढलं: लाल चकाकणारा द्रव, त्यावर अतिनील दिवा, आणि नंतर तेवढाच रंग पकडून पांढरा केला. तो पिवळा खलनायक आठवतो? निक स्टॉलला सेटवर निळा रंग फासला होता. पिवळा रंग हिरव्याच्या इतका जवळचा की पडदा काढताना चेहऱ्याचे तुकडे गेले असते. निळा सुरक्षित, मग कॉम्प्युटरवर निळ्याचा पिवळा केला. हिरव्या पडद्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती लिहून ठेवावी.

तिरकस_पुणेकर:
आणि त्याच सिनेमापायी दिग्दर्शकांच्या संघटनेशी फाटलं.

हिशोबनीस:
हो. डीजीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या दिग्दर्शक संघटनेचा नियम असा की एका सिनेमाला एकच दिग्दर्शक, आधीपासून जोडीने काम करणारे असतील तर सवलत. मिलरला सहदिग्दर्शक म्हणून श्रेय द्यायचं होतं, ते बसेना. तेव्हा रॉड्रिगेझने २००४ मध्ये सदस्यत्व सोडलं. किंमतही मोजली. पॅरामाउंट स्टुडिओचा मंगळावरचा मोठा सिनेमा त्याच्याकडे होता, पण पॅरामाउंटचा डीजीएशी करार, म्हणजे सदस्य नसलेला दिग्दर्शक चालणार नाही. सिनेमा गेला. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचं एडिटिंग, स्वतःचं संगीत नसतं तर हे परवडलं नसतं. संगीतावरून, टॅरंटिनोच्या 'किल बिल'च्या दुसऱ्या भागाला त्याने एक डॉलरमध्ये संगीत दिलं आणि टॅरंटिनोने 'सिन सिटी'तला एक प्रसंग एका डॉलरमध्ये दिग्दर्शित केला. डीजीएच्या बाहेरचं असंही अर्थकारण.

तिरकस_पुणेकर:
सगळं स्वतः करण्याचा तोटाही लिहा की. छायाचित्रण, एडिटिंग, संगीत, सगळीकडे एकच नाव. समोरून 'हे जमलं नाही' म्हणणारं कुणी नाही. 'स्पाय किड्स'चे पुढचे भाग बघा, 'शार्कबॉय' बघा. हिरवा पडदा तोच, पण 'सिन सिटी'त मिलरची चित्रं लगाम धरून होती. तो लगाम सुटला की सगळं खेळण्याच्या दुकानासारखं दिसतं.

ध्वनिवेडा:
सहमत. एडिटर हा सिनेमाचा पहिला परका प्रेक्षक असतो. तोच स्वतः असेल तर तो परका प्रेक्षक मिळतच नाही.

भिंगवाला:
असहमत नाही. पण २०१९ चा 'रेड ११' बघा. पुन्हा ७,००० डॉलर, पुन्हा १४ दिवस, मुलांना हाताशी घेऊन. विषय तीच औषधचाचणी (चाचणीत त्याचा नंबर रेड ११ होता), आणि सोबत हा सिनेमा कसा केला त्याची मालिकाही. पन्नाशीला टेकलेल्या, कोट्यवधींचे सिनेमे केलेल्या माणसाने हे करून दाखवलं, मला कौतुक वाटतं. सिनेमा म्हणून मध्यम आहे, ते वेगळं.

सावनी_के:
शेवटचा प्रश्न. आता मोबाइलवर कितीही शूट करता येतं. मग यातलं आज काय उपयोगी?

हिशोबनीस:
आधी 'कुठे दाखवायचं' हे ठरवा, मग यादी करा. मोबाइलवर बघायचा असेल तर ५.१ (सहा स्पीकरच्या) आवाजावर पैसे घालू नका. महोत्सवाच्या पडद्यासाठी असेल तर डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) आणि रंगसंस्काराचा खर्च पहिल्या दिवशीच बाजूला काढा, उरलेल्यात शूटिंग बसवा. बहुतेक जण उलटं करतात आणि एडिट होऊन वर्षभर हार्डडिस्कमध्ये पडून राहतं. गाणी दुसऱ्यांची वापरू नका, 'क्लर्क्स'चं वर लिहिलंय.

रीळमास्तर:
आणि फुकट आहे म्हणून वीस टेक घेऊ नका. पंधरा तासांचं फुटेज बघायलाच दोन दिवस जातात, निवडायला आणखी चार. शॉटची यादी कटसकट लिहून जा.

ध्वनिवेडा:
सावनी, आवाजाची युक्ती आजही जशीच्या तशी चालते. गोंगाटाच्या जागी शूट असेल तर शॉट ओके झाला की कलाकाराला जागेवरून हलू देऊ नका. मोबाइल किंवा छोटा रेकॉर्डर तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा खाली, म्हणजे प-फ-ब चा फटका बसणार नाही. ओळी दोनदा म्हणून घ्या, पहिल्यांदा कॅमेऱ्यातला आवाज कानात ऐकवून, दुसऱ्यांदा न ऐकवता. दुसरी बहुतेक वेळा जास्त जिवंत येते, पहिली जास्त नेमकी जुळते. मग सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. हा राहिला तर ओळींच्या मधल्या फटी भरता येत नाहीत आणि प्रत्येक कटला कानात खड्डा पडतो. फाइलला तिथेच सीनचा नंबर द्या, घरी येऊन देणार असाल तर देणार नाही. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर आहे ना हे आधी तपासा. काही रेकॉर्डर आपोआप ४४.१ वर असतात. बहुतेक एडिट सॉफ्टवेअर ते बदलून घेतात, पण एखाद्याने फाइल चुकीच्या दराने वाचली तर आवाज जवळपास नऊ टक्के वेगाने पळतो आणि दोष कलाकाराच्या माथी जातो.